अ आजीचा

गाडी सिल्व्हरस्ट्रीमला थांबली आणि शाळा सुटलेली मुलं डब्यात शिरली, तेव्हा सरलाबाई मांडीवरच्या पिशवीतली मेथी चाचपून बघत होत्या. परदेशात, लोअर हटच्या दुकानात मेथी काही रोज येत नसे. मिळालेली जुडी घरी पोचेपर्यंत मान टाकणार नाही ना, एवढीच त्या वेळी त्यांना काळजी होती. दोन मुली त्यांच्या मागच्या बाकावर येऊन बसल्या. बाकांच्या पाठी उंच असल्यामुळे मुलींना त्या दिसल्या नाहीत आणि त्यांना मुली. गाडी हलली, आणि मागून एका तालात आवाज आला, "आ का सा ता ना, हा मा या रा वा." मग पुन्हा एकदा, जरा जलद. सरलाबाईंचा हात मेथीवर होता तिथेच राहिला. आवाज श्रियाचा होता, त्यांच्या नातीचा. रविवारच्या मराठीच्या वर्गात 'घ'पाशी येऊन जी हटकून खिडकीबाहेर बघत बसायची, 'ण' म्हणताना जिला झोप यायची, ती चौदा वर्षांची मुलगी इथे, चालत्या गाडीत, कुणी सांगितलेलं नसताना जपानी अक्षरांची घोकंपट्टी करत होती. सरलाबाईंना हसू आलं. मान वळवून हाक मारावी म्हणून त्या जराशा उठल्यासुद्धा. पण तेवढ्यात दुसरी मुलगी बोलली. ती टेसा, श्रियाची मैत्रीण. तिने विचारलं, "संडेला येतेस ना? कांद्यांवर कुणीच नाहीये."

एप्रिलच्या सुट्टीत शाळेची जपानची सहल जाणार होती. त्यासाठी पैसे उभे करायला जपानी शिकणाऱ्या मुली दर रविवारी सकाळी हार्डवेअरच्या मोठ्या दुकानाबाहेर शेगडी मांडून सॉसेज आणि कांदे भाजायच्या आणि पावात घालून विकायच्या. हे सरलाबाईंना माहीत होतं. ही वेळ आणि त्यांच्या वर्गाची वेळ एकच आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"संडेला माझा तो क्लास असतो," श्रिया म्हणाली.

"कसला?"

"माझी आजी शिकवते. इंडियन ए-बी-सी. हीप्स ऑफ लेटर्स आहेत, संपतच नाहीत."

"आजी? आजी म्हणजे तर मासा. जपानीच्या सेन्सेईच्या तक्त्यावर आहे बघ. युअर नॅन इज अ फिश."

दोघी हसल्या. श्रिया जरा जास्तच हसली, आणि हसू ओसरल्यावर म्हणाली, "एनीवे, मी सोडणारेय तो. फक्त तिला सांगायचं कसं, तेवढंच."

हे सगळं बोलणं इंग्रजीतच झालं. सरलाबाई ट्रेंटमला उतरल्या. त्यांचं स्टेशन अजून पुढे होतं, पण दार उघडलं आणि त्या उतरल्या, मागे न बघता, डोक्यावरचा स्कार्फ पुढे ओढून. चोरी आपणच केल्यासारख्या. गाडी गेली. फलाटावर वारा होता. समोरच्या टेकड्यांवर गॉर्सच्या काटेरी झुडपांची पिवळी फुलं पेटल्यासारखी दिसत होती. त्या बाकावर बसल्या, मेथीची पिशवी शेजारी ठेवली, आणि नेमकं काय लागलं ते शोधू लागल्या. एखाद्या मुलाने गणित चुकवलं की त्या उत्तराकडे बघत नसत, पाऊल कुठे वाकडं पडलं ते बघत. तसंच. मासा म्हणाली ते लागलं नव्हतं. वर्ग सोडणार हेही, खरं सांगायचं तर, कुठेतरी त्यांनी धरून ठेवलंच होतं; मुलं चौदाची झाली की सोडतात. लागलं होतं ते 'इंडियन ए-बी-सी'. आणि त्याहून विचित्र म्हणजे त्यावर धड रागावताही येत नव्हतं, कारण त्याच तोंडाने त्या मुलीने आत्ता जो ताल धरला होता, आ का सा ता ना, तोही सरलाबाईंचाच होता. दोन्हीकडून त्यांचाच. एका खिशातून पडलेली वस्तू दुसऱ्या खिशात सापडावी आणि तरीही हरवल्यासारखं वाटावं, तसं काहीतरी.

तो ताल त्यांनी पहिल्यांदा ऐकला होता जपानमध्ये, कोबेला, क्षितिजच्या प्राथमिक शाळेत. हरीश, त्यांचे यजमान, जहाजांचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होते, आणि क्षितिज, म्हणजे श्रियाचा बाप, तेव्हा इतका लहान होता की दप्तरच त्याच्यापेक्षा मोठं दिसायचं. वर्गाच्या मागच्या भिंतीला लागून आयांनी उभं राहायचा दिवस होता. सगळी मुलं एका सुरात म्हणाली, आ का सा ता ना, आणि सरलाबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या स्वतः पुण्याच्या शाळेतली नोकरी सोडून आलेल्या. पहिलीचा वर्ग त्यांच्या हाडात होता. क, मग दातांकडे येणारा त, मग न, मग ओठांवर म, आणि शेवटी य, र, व. घशापासून ओठांपर्यंत तोंडातून चालत येणारी ही वाट कुठल्याही मराठी बाईला डोळे मिटून ओळखता आली असती. शेजारच्या जपानी आईला त्यांनी मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं, ही वाट आमची आहे. ती बाई नम्रपणे वाकली आणि म्हणाली, असं का.

तिथून त्यांना वेड लागलं. दर सुट्टीच्या दिवशी त्या हरीशना आणि मुलाला घेऊन निघत. हिमेजीचा पांढरा किल्ला, नाराची हरणं, होर्यूजीचा लाकडी मनोरा, क्योतोची देवळं. परक्या देशात राहणारी माणसं बघतात ते सगळं त्यांनी बघितलं. पण त्या बघत नसत, ओळखत. तळ्याकाठच्या देवळात वीणेसारखं वाद्य घेऊन बसलेली देवी दिसली की, ही आपली सरस्वती. अंधाऱ्या गाभाऱ्यात इंद्र आणि ब्रह्मदेव उभे असले की, हे बघा, चपलासुद्धा आपल्या पद्धतीच्या. एका देवळात पुजारी आगीत समिधा टाकत होता, त्या विधीला तिथे गोमा म्हणतात असं कळल्यावर त्यांनी क्षितिजला खांद्याला धरून हलवलं, गोमा म्हणजे होम, कळलं का, होम. पोराला भूक लागली होती. हरीश कॅमेऱ्याची पट्टी सारखी करत म्हणाले, "सरला, तू इथे बघायला आली आहेस की सातबाऱ्यावर नाव लावायला?"

ट्रेंटमच्या फलाटावर ते वाक्य आठवून सरलाबाई एकट्याच हसल्या. हरीश असं बोलून मोकळे होत आणि पुढे चालू लागत. पाठमोरेच जास्त आठवतात. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यानंतरच क्षितिजने आग्रह केला आणि त्या इथे, अप्पर हटला आल्या. आल्याच्या पहिल्याच हिवाळ्यात स्काउट हॉलची एक खोली रविवारपुरती मागून त्यांनी वर्ग सुरू केला. आयटीतल्या आणि इंजिनिअर आईबापांची मुलं, मराठी सगळं कळायचं आणि उत्तर इंग्रजीत यायचं. सरलाबाई त्यांना अक्षराच्या रेघा कोणत्या क्रमाने काढायच्या ते शिकवत, आणि रेघा मोजत जपानीत: इची, नी, सान. कोबेला क्षितिजबरोबर त्या स्वतः अशाच शिकल्या होत्या, म्हणून ते तोंडात बसलं होतं. एका पालकाने एकदा विचारलं, "मराठीच्या वर्गात हे जपानी कशाला?" सरलाबाई म्हणाल्या, "मोजून तर बघा. पोरांना एक-दोन-तीन म्हटलं की ती पळतात, इची-नी-सान म्हटलं की थांबतात." श्रिया त्या वर्गातली सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. ती येते म्हणून मोठी मुलं येत, मोठी येतात म्हणून धाकटी येत. ती गेली की वर्गाची वीण कुठून उसवणार, हे सरलाबाईंना फलाटावर बसल्या बसल्या दिसत होतं.

पण त्यांना खरी आठवण येत होती ती कोयासानची. डोंगरावरचं ते गाव. ओसाकाहून आगगाडी, मग दोरखंडाने ओढून नेणारी उभी गाडी, आणि वर पोचल्यावर देवदारांसारख्या प्रचंड झाडांखाली शेकडो वर्षांची थडगी, शेवाळाने हिरवी झालेली. तिथली देवळं पाहुण्यांना मुक्कामाला ठेवून घेत. जेवण पूर्ण शाकाहारी आहे हे कळल्यावर हरीश म्हणाले होते, "हे मात्र तुझ्या नावावर लावून टाक." जेवणाआधी सरलाबाई एकट्याच ओसरीसारख्या लांब खोलीत गेल्या. भिंतीवर एक पट लोंबत होता. त्यावर काळसर कापडात चंद्रासारखं पांढरं वर्तुळ, वर्तुळात कमळ, आणि कमळावर, देवाला बसवावं तसं, एक अक्षर बसवलेलं. सोन्याच्या रंगातलं, पोट जरा फुगीर, शेपूट निराळं, तरी शंकाच नको. अ. पहिलीच्या पहिल्या दिवशी फळ्यावर काढतात तो अ. सरलाबाई पटासमोर उभ्याच राहिल्या. मागून एक वयस्क भिक्षू आले, गुळगुळीत डोक्याचे, कपाळावर ठसठशीत आठ्या. त्यांनी हात पुढे करून हसत म्हटलं, "आजी."

सरलाबाई तेव्हा बत्तीस वर्षांच्या होत्या. त्यांनी आधी मागे वळून बघितलं, कुणी म्हातारी आली की काय. कुणी नव्हतं. भिक्षू पुन्हा म्हणाले, "आजी," आणि बोट त्यांच्याच दिशेने. सरलाबाई अशा तडक खोलीत आल्या की हरीशनी मोजे काढता काढता विचारलं, काय झालं. "मी आजी दिसते का हो?" हरीशनी त्यांच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "आज जरा थकलेली दिसतेस, पण आजी म्हणजे फार झालं." मग दोघं परत गेले आणि घोटाळा उलगडला. तिकडचा 'आ' आपल्यापेक्षा आखूड. 'आ' हे त्या अक्षराचं नाव, 'जी' म्हणजे अक्षर. आजी म्हणजे 'अ' हे अक्षर. ते लोक त्या पटासमोर बसून त्याचं ध्यान करतात, जन्मभर. हरीश किती दिवस हसत होते. पुढे कोबेच्या बाजारात बांगड्याच्या जातीच्या माशावर 'आजी' अशी पाटी दिसली की ते मुद्दाम थांबत आणि म्हणत, "नमस्कार कर, नातेवाईक आहेत."

आणि मग ते दुसरं झालं. भिक्षूंनी त्यांना ब्रश देऊन अ काढायला बसवलं, स्वतःही काढून दाखवला. सरलाबाई शिक्षिका, चूक दिसली की त्यांची जीभ थांबत नसे. त्या म्हणाल्या, तुमची ही रेघ आधी आली, ती नंतर यायला हवी, आम्ही असं काढत नाही. भिक्षूंनी ब्रश खाली ठेवला. जराही न दुखावता, अगदी खरोखर जाणून घ्यावं तसं त्यांनी विचारलं, "तुमच्या देशात आता हे अक्षर असं कुणी लिहीत नाही ना?" सरलाबाई म्हणाल्या, नाही, आमचं बदललं. "आम्ही अजून लिहितो," भिक्षू म्हणाले. एवढंच. बाहेर पाऊस सुरू झाला होता. सरलाबाईंच्या मनातली ती सगळी यादी, सरस्वती, इंद्र, होम, जिथे होती तिथेच राहिली, पण तिच्यावरचा त्यांचा हात अलगद सुटला. देणाऱ्याच्या घरातून वस्तू कधीची गेली होती. ज्यांनी ती रोज पुसून ठेवली, त्यांच्या घरी उभं राहून आपण पावती मागतो आहोत. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत त्यांनी त्या भिक्षूंच्या अ वरून अ गिरवला. त्यांना लाज वाटली नव्हती. उलट इतका अभिमान त्यांना कधी वाटला नव्हता, पण कशाचा ते नीट सांगता आलं नसतं.

मेथी कोमेजायच्या आत घरी जायला हवं होतं. पुढची गाडी आली तशा त्या उठल्या.

त्या रात्री जेवताना श्रिया ताटातली भाजी नुसती इकडून तिकडे सारत होती. निवेदिता, सून, ऑफिसातलं काहीतरी सांगत होती. क्षितिज ऐकल्यासारखं करत होता. सरलाबाईंनी भाजी वाढली. पोळीचा तुकडा मोडत श्रिया अखेर म्हणाली, "आजी, डू यू नो, जॅपनीजमध्ये तू फिश आहेस?"

"श्रिया," निवेदिता म्हणाली.

"माहितीये," सरलाबाई म्हणाल्या. "तुझे आजोबा बाजारात मला त्याच्या पाया पडायला लावायचे. आणि आजी म्हणजे चवसुद्धा. विचार तुझ्या बाबाला, त्याला वाचता यायचं. स्वतःचं नाव मराठीत लिहिता येत नव्हतं, पण माशाचं नाव वाचायचा."

"आई, प्लीज," क्षितिज म्हणाला.

श्रिया हसली. मग पोळीचे आणखी बारीक तुकडे करू लागली. सरलाबाईंना तिची दया आली. एखाद्या मुलाला उत्तर येत असतं पण उभं राहायचं धैर्य होत नाही, तेव्हा त्या स्वतःच पहिला शब्द देत असत. त्यांनी तो दिला. "रविवारी कांद्यांवर कुणी नाहीये म्हणे."

श्रियाचा हात थांबला. "तू ट्रेनमध्ये होतीस?"

"होते."

"आजी, आय डिडन्ट मीन..." तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "सॉरी."

"सॉरी कशाला? चांगला असतो तो मासा. जा तू रविवारी."

निवेदिताने ताट बाजूला सारलं. "आई, तुम्हीच असं म्हणालात तर कसं? एकदा सुटलं की सुटलं. आणि तिच्यामागे बाकीची पण. तुम्ही इतकी वर्षं खपलात, आणि आता कांद्यांसाठी?"

"तिला जपानला जायचंय ना. मी पण गेले होते." हे बोलताना आवाज सरळ राहिला याचं सरलाबाईंना बरं वाटलं. मग त्या नातीकडे वळल्या. "आजीचा अजून एक अर्थ आहे. तिसरा."

"काय?"

"कोयासानला मुक्काम आहे ना तुमचा? तिथे कळेल."

"आजी. सांग ना आत्ता."

"मी सांगितलं तर ते इंडियन ए-बी-सी होईल," सरलाबाई म्हणाल्या, आणि तिच्या पानात आणखी भाजी वाढली.

इतकं उदार होणं सोपं नव्हतं, हे त्यांना पुढच्या महिन्यांत कळत गेलं. रविवारी त्या किल्ली घेऊन हॉल उघडत, खुर्च्या मांडत. आधी मोठ्यांपैकी एक यायचा थांबला, फुटबॉल होतं. मग दुसरी. नाताळच्या सुट्टीनंतर फक्त धाकटी उरली, आणि त्यांतला नील, सहा वर्षांचा, पुढचे दात पडलेला, दर वेळी विचारायचा, "व्हेअर इज श्रियाताई?" ताई हा एवढा एकच शब्द तो कधी विसरत नसे. सरलाबाई म्हणत, "कांदे परततेय." धाकट्यांना हे इतकं गमतीचं वाटे की तेच उत्तर मिळावं म्हणून ती पुन्हा विचारत. सरलाबाई हसत, आणि हसता हसता त्यांना वाटे, आपण मोठेपणा केला की हट्ट केला? तीन शब्दांत सांगता आलं असतं. त्या मुलीच्या हातात द्यायची होती ती गोष्ट आपण एका डोंगरावर नेऊन ठेवली, आणि ती तिथे जाईल, बघेल, ओळखेल, असं धरून चाललो. नाही ओळखलं तर? रांगेत उभं राहून, फोटो काढून, ती पुढे निघून गेली तर? हरीश असते तर म्हणाले असते, पैज फार लांबची लावलीस सरला. एकदा वर्ग लवकर आटोपून त्या मुद्दाम हार्डवेअरच्या दुकानावरून गेल्या. शेगडीचा धूर गाड्यांमधून वर जात होता. श्रिया ॲप्रन बांधून, हातात लांब चिमटा घेऊन कांद्यांचा ढीग उलटत होती, आणि मनगट असं वळवत होती की सरलाबाई जागीच थांबल्या. ते मनगट त्यांचं होतं. भाजी परतताना असंच वळतं ते. तिने वर बघितलं, जरा दचकली, मग ओरडली, "आजी, सॉसेज नको ना? तुला नुसते कांदे देते." आणि पावाच्या तुकड्यात इतके कांदे भरून दिले की ते कडेने सांडत होते. टेसा म्हणाली, "हाय, आजी." माशाचं हसू तिच्या ओठांच्या कोपऱ्यात होतं, पण तिने ते गिळलं. कांदे गोड लागले. सरलाबाई उभ्यानेच खात राहिल्या, आणि ज्यामुळे वर्ग मोडत होता त्या शेगडीपाशी त्यांना अभिमान वाटला, हे त्यांचं त्यांनाच अजब वाटलं.

एप्रिलमध्ये सहल गेली. फोटो येत होते: नूडल्सचा वाडगा, हरणाचं नाक, रस्त्यावरचं गरम कॉफीचं यंत्र. मग एक दिवस फक्त झाडं आली. प्रचंड, सरळ, खाली शेवाळलेले दगड. शब्द एकही नाही. सरलाबाईंनी चष्मा पुसून तो फोटो मोठा करून बघितला. दगडांवर काही कोरलेलं होतं, पण फोटोत ते पुसट होतं. श्रिया परत आली ती सर्दी घेऊन. दोन दिवस झोपली, मग शाळा सुरू झाली. आजीसाठी तिने हिरव्या चहाचा पुडा आणला होता. दिला आणि वर गेली. तिसऱ्या अर्थाबद्दल अवाक्षर नाही. क्षितिज म्हणाला, "आई, विचार ना तिला." सरलाबाईंनी मान हलवली. प्रश्न विचारून झाल्यावर गप्प बसणं त्यांना नोकरीच्या पहिल्या वर्षी सगळ्यात जड गेलं होतं. मूल वर बघतं, ओठ हलवतं, आणि आपल्या जिभेवर उत्तर आलेलं असतं. ते गिळायचं. त्यांनी ते शिकून घेतलं होतं. पण तेव्हा तास पस्तीस मिनिटांचा होता. इथे किती वाट बघायची ते कुणी सांगितलं नव्हतं.

मे महिन्यातल्या, म्हणजे इथल्या हिवाळ्याच्या तोंडावरच्या, एका रविवारी हॉलमध्ये चांगलीच थंडी होती. हीटर खडखडत होता. नील फळ्यासमोर खुर्चीवर चढून 'अ अननसाचा' लिहीत होता आणि अननसाचं चित्र काढण्यात शब्द विसरला होता. दार उघडलं. श्रिया आत आली, एवढ्या थंडीत पायात जॅंडल्स, नुसत्या रबरी चपला, केस ओले. "किया ओरा, आजी," ती इथल्या पद्धतीचा नमस्कार करत म्हणाली, आणि धाकट्यांकडे बघत, "हाय गाइज." पोरांनी एकच गिल्ला केला. कुणीतरी विचारलं, कांदे संपले का. श्रिया हसली, नीलजवळ गेली, आणि त्याच्याकडून मार्कर मागून घेतला. "कॅन आय?" हा प्रश्न सरलाबाईंना होता. त्यांनी मान डोलावली.

श्रियाने फळ्याच्या मधोमध एक अक्षर काढलं. मार्कर आडवा धरून, जाड, एकेक रेघ ओढून, ओठांत मोजत: इची, नी, सान. ते अक्षर सरलाबाईंनी तिला शिकवलेलं नव्हतं, आणि शिकवलेलंच होतं. पोट जरा फुगीर. शेपूट निराळं. मग त्याखाली तिने साध्या अक्षरांत लिहिलं, 'अ आजीचा'.

"राँग," नील लगेच म्हणाला. "आजी इज आ. अ अननसाचा, आ आजीचा. आजी, शी इज राँग."

सगळ्या मुलांनी सरलाबाईंकडे बघितलं. त्यांच्या हातात डस्टर होता. ही चूक त्यांनी इतक्या मुलांची पुसली होती, पुण्यात, कोबेत घरच्या टेबलाशी, इथे. अ आखूड, आ लांब. अ ला काना दिला की आ. पहिलीतलं पहिलं बोट इथेच धरावं लागतं.

"ऐका," श्रिया मुलांना म्हणाली, आणि मग, जरा अडखळत, मराठीत, "तिकडे एक... बुवा होता. टेम्पलमधला. त्याने वॉलकडे हात केला आणि म्हणाला, आजी. मी मागे बघितलं. मला वाटलं तू आलीस." हे शेवटचं सरलाबाईंना उद्देशून होतं. "सीरियसली. मला वाटलं, हाऊ डिड शी गेट हिअर? मग मी वॉलकडे बघितलं आणि मला ते वाचता आलं. अ. कुणालाच येत नव्हतं. सेन्सेईला पण नाही. बुवाने विचारलं, तुला कुणी शिकवलं? मी म्हटलं, आजीने. तो म्हणाला, हो हो, आजी. मी म्हटलं, नो, नो, माझ्या आजीने. तो परत म्हणाला, हो, आजी." ती हसत होती, पण डोळे मार्करकडे होते. "आम्ही कितीतरी वेळ तसंच बोलत होतो."

मुलं हसली. त्यांना काय कळलं कुणास ठाऊक. कितीतरी वेळ तेच ते बोलणारी दोन माणसं एवढं तरी कळलं असावं.

"मला दर संडेला नाही जमणार," श्रिया खालच्या आवाजात म्हणाली. "पण मधून मधून, इफ यू वॉन्ट, मी या लहान लोकांना रेघा शिकवू शकते."

नीलने सरलाबाईंच्या हातातल्या डस्टरला हात लावला. "आजी, पुसू?"

"राहू दे," सरलाबाई म्हणाल्या. डस्टर त्यांनी खिडकीत ठेवला. मग नीलच्या शेजारची लहान खुर्ची ओढली, गुडघे सांभाळत तिच्यावर बसल्या, त्याच्याकडून एक कागद आणि पेन्सिल मागून घेतली, आणि बाकीच्या मुलांसारखं, मान वर करून, फळ्याकडे बघून, श्रियाच्या अ वरून अ काढायला लागल्या. दुसरी रेघ ओढताना फळ्यापासून आवाज आला, "आजी, ती नाही. ही आधी."

सरलाबाईंनी खोडरबर मागितला.